जुन्या सागवानी कपाटाला घरच्या घरी गुळगुळीत रंग: लांबी, पॉलिश पेपर आणि भरपूर वाट बघणं

आमच्याकडे सासूबाईंच्या लग्नातलं सागवानी कपाट आहे, दोन दारांचं, चार कप्प्यांचं. मुळात स्पिरिट पॉलिश, त्यावर कुणीतरी मारलेला हिरवा ऑइल पेंट, त्यावर चॉकलेटी, आणि सगळ्यात वर कधीतरी घाईत फासलेला क्रीम. तीन वर्षांपूर्वी मी ते पांढरं करायला घेतलं, जुलै महिन्यात (हसू नका), वरवर पॉलिश पेपर मारला, थेट दोन हात रंग दिला आणि चौथ्या दिवशी हाताला कोरडं लागलं म्हणून कप्प्यांत पेपर अंथरून साड्या रचल्या. आठ दिवसांनी साडी काढायला गेले तर पेपर कप्प्याला चिकटलेला, ओढला तर कागद फाटून हातात आला पण शाई तिथेच राहिली, वधू पाहिजे आहेची अख्खी जाहिरात माझ्या पांढऱ्या रंगावर उलटी छापून निघाली होती. दारं दिवसा बरी दिसायची, पण संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की ब्रशच्या रेघा, सागाचे उभे चर, जुना रंग जिथे टवके उडून गेला होता तिथले खड्डे, सगळं उठून दिसायचं.

मी आधी ब्रशला शिव्या घातल्या, मग रंगाला. आमच्या बिल्डिंगचं काम करणाऱ्या पेंटर काकांनी दारावरून नुसता हात फिरवला, नीट बघितलंही नाही, आणि म्हणाले, "ताई, रंगाचा काय दोष नाय. खाली लांबीच नाय ना." लांबी म्हणजे पुट्टी, जुने पेंटर अजून लांबीच म्हणतात. पुढच्या जानेवारीत सगळं खरवडून परत केलं, काकांना अधूनमधून पकडून विचारत, त्याला दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांत प्रत्यक्ष रंग मारायचा वेळ मोजला तर जेमतेम पाच-सहा तास भरतील, बाकी सगळं घासणं आणि थांबणं. ज्यांना शनिवार-रविवारात उरकायचंय त्यांनी पॉलिशवाल्याला बोलवा, खरंच.

आधी एक सांगून टाकते, चांगलं सागवान किंवा शिसवी असेल, वर रंग नसेल, नुसतं पॉलिश गेलेलं असेल तर त्याला रंग फासू नका, परत पॉलिश करा. आमचं आधीच तीनदा रंगवलेलं होतं म्हणून.

कधी करायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लाकूड ओल धरून असतं आणि रंग वाळायला खूप जास्त वेळ घेतो, कोकणात तर विचारूच नका. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास, ब्रश फिरवेपर्यंत रंग ओढायला लागतो (म्हणजे सुकून घट्ट व्हायला लागतो) आणि रेघा तशाच राहतात, शिवाय वळवाच्या आधीची ती धूळ. आपल्याकडे सगळ्यांना दिवाळीच्या आठ दिवस आधीच रंगकाम आठवतं, त्याला इलाज नाही, पण मग लक्ष्मीपूजनापर्यंत कपाट वापरायला मिळेल ही आशा सोडा.

काय काय आणायचं

पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचे, आणि काळा वॉटर पेपर ४०० नंबरचा. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. ऑइल बेस्ड वुड प्रायमर, टर्पेंटाइन, लाकडाची लांबी, ती लावायला रुंद आणि लवचिक पत्रा (तो कडक पत्रा नको, त्याने ओरखडे पडतात), दोन इंची एक चांगला ब्रश आणि कोपऱ्यांसाठी एक इंची, चार इंची फोमचा रोलर. ब्रशवर मात्र पैसे वाचवू नका, स्वस्त ब्रशचे केस रंगात गळतात आणि ओल्या रंगातून केस काढताना जो खड्डा पडतो तो परत भरत नाही. नवीन ब्रश असला तरी आधी तळहातावर चांगला झटकायचा, पाच-दहा केस पडतातच.

लांबीबद्दल एक, भिंतीची व्हाइट सिमेंटची पुट्टी घरात उरलेली असते ती वापरायचा मोह होतो. वापरू नका. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आक्रसतं, ती पुट्टी तशी हलत नाही, मग भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. काका अजून स्वतःची लांबी करतात, खडूची पावडर, जवसाचं तेल आणि थोडा रंग, कणकेसारखी मळून. मी तयार डबा आणला.

रंग किती लागेल? ऑइल पेंटच्या एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १२० चौरस फूट धरून चाला. आमचं कपाट बाहेरून, दारं दोन्हीकडून आणि कप्पे धरून ११० फुटांच्या आसपास भरलं, तीन हातांना तीन लिटर आणले, थोडा उरला.

खोलणं आणि धुणं

दारं उतरवा. लावलेल्या दाराला रंग दिला की ओघळ येणारच, आणि बिजागरीवर रंग बसला की दार करकरतं. बिजागऱ्या, कडी, मुठी सगळं काढून एकेका पाकिटात घाला आणि कुठली कुठली ते वर लिहा, जुन्या बिजागरीचे स्क्रू प्रत्येक भोकाला आपापले बसतात, मिसळले की संपलं. दार उतरवताना आत पेन्सिलीने डावं-उजवंही लिहून ठेवा, आम्ही दोघं नंतर अर्धा तास भांडलो.

मग धुवा. हो, पेपर मारायच्या आधी. मुठीभोवती वर्षानुवर्षांचं हाताचं तेल असतं, स्वयंपाकघराजवळचं फर्निचर असेल तर फोडणीचा चिकटा, आणि धुवायच्या आधी घासलं तर तो चिकटा लाकडात आणखी जातो. कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, फडकं पिळून घ्यायचं, मग साध्या पाण्याने दोनदा पुसायचं आणि दिवसभर वाळू द्यायचं. कुणी कपाटाला चकाकीचा सिलिकॉनवाला स्प्रे मारत असेल तर थिनरने दोन-तीन वेळा पुसा, दर वेळी फडकं नवीन. नाहीतर रंगात गोल गोल डोळे पडतात, रंग त्या जागेवरून लांब पळतो, आणि कितीही हात मारा डोळा तसाच.

जुना रंग ठेवायचा की काढायचा

यासाठी सोपी परीक्षा आहे. ब्लेडने रंगावर फुलीसारख्या चार-पाच चिरा मारा, त्यावर सेलोटेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपला तुकडे चिकटून आले तर तो रंग जाणारच आहे, त्यावर काहीही मारलं तरी त्याच्यासकट निघेल, तेव्हा खरवडा. काही आलं नाही तर ठेवा, नुसता खरखरीत करून घ्या. आमच्याकडे क्रीम सगळा सुटला, हिरवा जागचा हलला नाही.

पॉलिशचं असेल तर आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब ठेवा, मिनिटभरात चिकट झालं तर ते चपड्याचं (म्हणजे लाखेचं) स्पिरिट पॉलिश.

आणि हे मनावर घ्या, जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, म्हणजे त्याआधीच्या थरांवर विश्वास ठेवायचा नाही. असा रंग कोरडा घासू नका. पेपर पाण्यात बुडवून ओला घासा म्हणजे धूळ उडत नाही, तोंडाला एन-९५ मास्क, खाली प्लॅस्टिक, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको, आणि नंतर झाडू नाही, ओलं पुसणं. मशीनने कोरडं घासून घरभर धूळ करणारे बघितलेत मी, बघून अंगावर काटा येतो.

पहिलं घासणं

८० नंबर फक्त जिथे रंगाचे कंगोरे उभे राहिलेत तिथे, मग सगळीकडे १२०, मग १८०. पेपर नुसता बोटांनी धरून घासू नका, बोटं जिथे दाबतात तिथे खोलगट होतं, लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला किंवा जुन्या रबरी चपलेच्या तुकड्याला गुंडाळून घासा (चपलेचा तुकडा एकदम बेस्ट). आणि कायम रेषांच्या दिशेने, आडवं घासलं तर ते ओरखडे शेवटच्या हातातून पण दिसतात. नंबर सोडून उडी मारायची नाही, ८० वरून थेट २२० वर गेलं तर ८० च्या खोल रेघा २२० ला निघत नाहीत, वरवर मऊ लागतं फक्त.

टोकदार कडा जरा मोडा, अगदी हलक्या हाताने. धारदार कडेवर रंग टिकत नाही, मागे सरकतो, आणि पहिला टवका तिथूनच उडतो.

उघडं पडलेलं सागवान प्रायमरच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, सागात स्वतःचं तेल असतं. पांढरा रंग द्यायचा असेल आणि लाकूड गडद किंवा गाठींचं असेल तर उघड्या भागावर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून एक पातळ हात मारला तर खालचा तपकिरी डाग वर फुटत नाही. माझ्या पहिल्या वेळी एका गाठीवर दोन महिन्यांत चहा सांडल्यासारखा पिवळा गोल आला होता.

प्रायमर, मग लांबी, मग परत प्रायमर

बरेच जण लांबी आधी भरतात. तसं केलं की कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि लांबी भुगा होते. आधी पातळ प्रायमरचा एक हात, रात्रभर वाळवा, मग लांबी. पांढऱ्या प्रायमरवर खड्डेही जास्त चांगले दिसतात.

आता लांबी, आणि इथेच सगळं आहे. दोन वेगळी कामं आहेत ही. एक म्हणजे खिळ्यांची भोकं, टवक्यांचे खड्डे, किड्याची भोकं भरणं, ते सगळे करतात. जास्त खोल खड्डा एकदम भरायचा नाही, वरून वाळतो आणि आत ओला राहतो, मग बसतो, तेव्हा दोनदा-तीनदा. दुसरं काम कुणी करत नाही ते म्हणजे सागाचे चर भरणं. सागाच्या रेषा उघड्या असतात, बोटाच्या नखाने ओढलं तर कळतं, आणि रंग त्या चरांत भरून सपाट होईल असं वाटतं तसं कधीच होत नाही, प्रत्येक हाताला चर तसाच वर येतो. काकांनी माझ्यासमोर एक दार करून दाखवलं. लांबी टर्पेंटाइनने श्रीखंडाइतकी सैल केली, पत्र्यावर घेतली, आणि रेषांच्या दिशेने नाही तर आडवी, तिरकी दाबून ओढली, पत्रा जवळजवळ आडवा धरून, म्हणजे लांबी चरांत बसते आणि वरची सगळी परत पत्र्यावर येते. उभी ओढली की पत्र्याची धार चरातून लांबी उकरून काढते. दार बघितलं तर वर जवळपास काहीच राहिलं नव्हतं, नुसत्या पांढऱ्या रेघा. "वर दिसली तर वाया," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी २२० ने घासायचं आणि परत ओढायची. माझ्या दारांना तीनदा लागली. एमडीएफ किंवा प्लायचं असेल तर चर नसतात पण कापलेल्या कडा स्पंजसारखा रंग पितात, तिथे लांबी लावून घोटून घ्या.

झालं का नाही हे डोळ्यांना विचारू नका. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च दाराला चिकटवून तिरका धरा, एवढासा खड्डा पण सावली पाडतो. त्याहून भारी म्हणजे हात, डोळे मिटून, बोटांवर पातळ नायलॉनचा मोजा चढवून हळू फिरवायचा, जिथे अडकेल तिथे पेन्सिलीने गोल.

मग प्रायमरचा दुसरा हात. वाळला की सगळ्या दारावर पेन्सिलीने हलकेच वेड्यावाकड्या रेघा मारून ठेवा (मुलांना हे काम द्या, आवडीने करतात) आणि ३२० ने घासा. रेघा सगळ्या गेल्या म्हणजे पृष्ठभाग सपाट. कुठे रेघ शिल्लक राहिली तर तिथे खोलगट आहे, परत थोडी लांबी. माझी दारं या टप्प्याला आली तेव्हा रंग न देताच छान दिसायला लागली होती.

रंगाच्या दिवशी

सकाळी लवकर. जमीन पुसा, मग पाण्याचा हलका शिपका मारा म्हणजे धूळ बसून राहते, अर्ध्या तासाने सुरू करा. पंखा बंद, लोकरीचा स्वेटर नको, मांजर बाहेर. दार चार डब्यांवर आडवं ठेवा, प्लायच्या तुकड्यांना खालून एकेक खिळा ठोकून टोकावर दार ठेवलं तर अजून बरं, खालची बाजू चिकटत नाही. टर्पेंटाइनमध्ये बुडवून घट्ट पिळलेल्या जुन्या सुती साडीच्या तुकड्याने शेवटचं पुसायचं, मग कोरड्या हाताने.

रंग ढवळायचा काठीने, तळापासून वर, डबा हलवायचा नाही कारण फुगे होतात. जुन्या मलमलीतून गाळून घ्या, नवीन डब्यातून पण गोळ्या निघतात. मग टर्पेंटाइन, लिटरला ५० मिलीपासून सुरुवात करा आणि डब्यावर दिलेल्या प्रमाणाच्या वर जाऊ नका. रॉकेल घालायची जुनी सवय सोडा, त्याचा तेलकटपणा मागे राहतो, वाळायला उशीर आणि चमक मंद. ब्रश आधी टर्पेंटाइनमध्ये ओला करून पुसून घ्या.

दार पॅनेलचं असेल तर आधी आतलं पॅनेल आणि त्याचे कोपरे, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. ब्रश केसांच्या एक तृतीयांशापर्यंतच बुडवायचा. मोठ्या सपाट भागावर मी फोमच्या रोलरने रंग पसरते, फूट-दीड फुटाचा भाग, आणि लगेच जवळजवळ कोरडा ब्रश वजन न देता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात ओढते, विमान उतरतं तसा ब्रश टेकवायचा आणि उचलायचा. प्रत्येक ओढ आधीच्या ओल्या कडेवर थोडी चढली पाहिजे.

आणि मग हात काढा तिथून! पाच मिनिटांनी एक जागा सुटलेली दिसेल, ब्रश उचलावासा वाटेल, उचलू नका. ब्रशच्या रेघा रंग आपणहून खाली बसून भरून काढत असतो आणि तो ओढायला लागल्यावर ब्रश लागला की ती रेघ कायमची. सुटलेलं पुढच्या हातात. संध्याकाळी दिवे बंद ठेवा नाहीतर पावशेर किडे येऊन बसतात. बसलाच तर काढू नका, वाळू द्या, मग पेपरने जातो.

दोन हातांमधलं अंतर

ऑइल पेंट पाण्यासारखा वाळत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि ते वरून खाली होत जातं. म्हणून जाड हात मारला की वर साय धरते आणि खाली पातळ राहतो, त्यावर दुसरा हात मारला की सुरकुत्या. हात पातळ, आणि मध्ये किमान रात्रभर, मी तर पूर्ण एक दिवस मध्ये सोडते. नखाने आतल्या बाजूला दाबून बघा, खूण उमटली तर थांबा. घासताना कोरडी पिठासारखी पावडर निघाली तर रंग तयार, रबरासारख्या गोळ्या निघाल्या तर अजून एक दिवस.

पहिला हात ३२० ने, दुसरा ४०० च्या वॉटर पेपरने ओला करून, पाण्यात साबणाचे दोन थेंब, अगदी हलक्या हाताने, चमक मरेपर्यंत. नीट पुसून, वाळवून तिसरा हात, तो शेवटचा, त्याला पेपर नाही. पहिल्यांदाच करत असाल तर ग्लॉसी ऐवजी सॅटिन (मंद चमकेचा) घ्या, ग्लॉसमध्ये आरशासारखं सगळं दिसतं, सॅटिन बऱ्याच गोष्टी पोटात घालतं.

पांढरा ऑइल पेंट बंद अंधाऱ्या जागेत पिवळा पडतो, कपाटाच्या आत तर हमखास. ते नको असेल तर पाण्यावरचा अ‍ॅक्रिलिक इनॅमल घ्या, वासही फार नाही आणि दिवसात दोन हात होतात, पण तो इतक्या लवकर ओढतो की ब्रशला सवड मिळत नाही, तिथे सिंथेटिक केसांचा ब्रश आणि फोमचा रोलर, आणि हात आणखी चपळ हवा. जुन्या ऑइल पेंटवर मारणार असाल तर घासून आणि मध्ये प्रायमर देऊनच.

ड्युकोबद्दल सगळे विचारतात. ड्युको हे मुळात अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या गाड्यांच्या रंगाचं नाव, १९२३ साली आलेला, आपल्याकडे आता कुठल्याही स्प्रेच्या फिनिशला ड्युको म्हणतात. तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रकारचा असेल तर जुन्या ऑइल पेंटवर अजिबात नाही, त्याचा थिनर इतका जहाल की खालचा रंग उकळत्या दुधासारखा फुगून वर येतो. पावसाळ्यात त्यावर पांढरट धुकं पण धरतं, थिनर भरकन उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली ओल तिथे जमते. कॉम्प्रेसर, बंदिस्त जागा आणि थिनरचा वास अडवणारा मास्क नसेल तर हे घरात करूच नका.

जवसाचं तेल किंवा ऑइल पेंट लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. गॅलरीत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

परत जोडणं

तिसऱ्या हातानंतर चार दिवसांनी मी दारं लावली पण बंद केली नाहीत, चौकटीला कापसाचे बोळे लावून फटीत ठेवली. हाताला कोरडं लागतं ते एका दिवसात, पण आतपर्यंत टणक व्हायला तीन-चार आठवडे जातात आणि तोपर्यंत वजन ठेवलं की ठसा, दार दाबून लावलं की चिकटणार. चौकटीच्या कडेला थोडं मेण चोळून ठेवलं तर नंतरही चिकटत नाही. साड्या महिनाभर ट्रंकेत होत्या, सासूबाई रोज विचारायच्या, झालं का गं.

सगळ्यात वरच्या कप्प्याची मागची बाजू मी दुसऱ्या वेळी कंटाळून घासली नव्हती, तिथे अजून ती उलटी जाहिरात आहे, वधू गोरी, सुशील, गृहकृत्यदक्ष. पेपर अंथरायचा असेल तर महिना झाल्यावर अंथरा, आणि तोही छापील नको, साधा ब्राउन पेपर घ्या.